आम्ही एक जूनची भावंडं

आई गेली त्याच्या आदल्या वर्षी काका गेले. दोघांची नावं कमी करून वारसांची नावं सातबाऱ्यावर चढवायची होती, म्हणून आम्ही भावंडं एका सकाळी तलाठ्याकडे जमलो. तलाठी आमच्या मुलांच्या वयाचा. त्यानं आधार कार्डं मागून घेतली, टेबलावर ओळीनं मांडली आणि लिहिता लिहिता थांबला. अण्णा, १ जून १९५६. अक्का, १ जून १९६१. मी, १ जून १९६४. धाकटा, १ जून १९६७.

"काका, चौघांचीही एक जूनच?" त्यानं विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाला, "आमच्या वडिलांचीही एक जूनच आहे."

पाचवं कार्ड चुलत बहिणीचं, अण्णा आणि धाकट्याच्या सख्ख्या बहिणीचं. काकूचं ते बाळंतपण अडलं होतं, बैलगाडीत घालून तिला भोरला दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणून त्या एकीला खरी तारीख मिळाली. लहानपणी तिला त्याचं वाईट वाटायचं. आम्ही सगळे एका तारखेचे आणि आपणच तेवढ्या वेगळ्या, असं म्हणून ती एकदा रडलीही होती.

आमचं घर वेल्हे तालुक्यात, गुंजवणीच्या खोऱ्यात. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. ओसरीवर उभं राहिलं की एका अंगाला राजगडाचा बालेकिल्ला आणि दुसऱ्या अंगाला तोरणा. आमच्या आजीच्या काळात हे सगळं भोर संस्थानात होतं. संस्थानाच्या तालुक्यांना गडांचीच नावं होती: प्रचंडगड, राजगड, विचित्रगड, सुधागड. प्रचंडगड म्हणजे आमचा तोरणा. गडाच्या नावानं तालुका ओळखणाऱ्या मुलखात माणसाचं वय आकड्यानं कशाला मोजायचं?

आजीचं वय विचारलं तर ती सांगायची, भाटघरच्या धरणाचं काम चालू होतं तवा मी रांगत होते. तिचं लग्न आंबवड्याचा झुलता पूल बांधला त्याच्या आगंमागं. माझ्या वडिलांची मुंज नव्हे, पण पाटीपूजन झालं ते पंतसचिवांचं राज्य गेलं त्या साली. हे साल मात्र पक्कं सापडतं. ८ मार्च १९४८ ला भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आजीला ८ मार्च माहीत नव्हता. राजवाड्यात रामनवमीचा उत्सव त्या वर्षी तसाच झाला, पण माणसं गप्प गप्प होती, एवढं तिच्या ध्यानात होतं.

महिन्यांचंही तसंच. जुलै-ऑगस्ट आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. रोहिण्या, मिरग, आडदरा. मग तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, आसळका, मघा. कोण कधी जन्मलं याचं उत्तर या नावांत असायचं. राब भाजायच्या दिसात, तरवे उपटायला आले होते तवा, लावणी उरकून चार रोज झाले होते तवा. आमच्याकडे ज्यांचा जन्म पावसाळ्यात झाला त्यांची आठवण नेहमी जास्त नेमकी, कारण बाळंतपणामुळे शेतावरचा एक हात कमी झालेला असायचा आणि तो कुणी विसरत नसे.

हे सगळं शाळेच्या रजिस्टरात कसं बसणार?

१९६७ च्या जूनमध्ये अक्काला पहिलीत घालायला आजी घेऊन गेली, तेव्हा शेजारच्या घरचा मुलगाही तिनं बरोबर नेला. त्याला आम्ही भाऊच म्हणतो. गुरुजींनी दोघांना उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावलं. दोघांचाही हात पोचला. मग दौत पुढे ओढून त्यांनी विचारलं, जन्म कधीचा?

आजी म्हणाली, "पानशेत फुटलं त्या रोजचा."

गुरुजींना हिशेब करावा लागला नाही. तो दिवस पुणे जिल्ह्यात कुणालाच आठवावा लागत नसे. १२ जुलै १९६१. म्हणजे सहा वर्षं पुरी व्हायला एक्केचाळीस दिवस कमी. गुरुजींनी आजीला समजावून सांगितलं की खरी तारीख लिहिली तर पोरगी पुढच्या सालावर जाईल आणि पुढच्या साली तुम्ही तिला आणाल की गुरांमागं धाडाल हे मी काय सांगू. एक जून लिहितो. आजी म्हणाली, "लिवा काय ती. पोरगी तर तीच ऱ्हाती न्हवं?" भाऊचं तर काहीच ठरलेलं नव्हतं. त्याच्या आईला एवढंच माहीत की तरण्या पावसात, आणि पाऊस उघडला नव्हता. त्यालाही १ जून १९६१.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत एका पिढीच्या पिढीला अशीच ही तारीख मिळाली. शाळा जूनमध्ये उघडायच्या, वय जूनला पुरं व्हावं लागायचं, आणि जन्माचा दाखला कुणाच्या घरात नसायचा. पुढे लोकांनी या तारखेवर पुष्कळ विनोद केले. मला ते कधी रुचले नाहीत. आमच्या गुरुजींनी ती तारीख आळसानं लिहिली नव्हती. तिच्यामुळे अक्का शाळेत गेली, डी. एड. झाली आणि त्याच तालुक्यात तीन पिढ्यांच्या मुलांना तिनं अक्षरं शिकवली. एक्केचाळीस दिवसांची उसनवारी होती ती.

पण अक्काचा खरा दिवस आमच्या घरात कुणी विसरलं नाही, कारण त्या दिवशी आमच्या घरात दोन गोष्टी झाल्या होत्या.

काका तेव्हा पुण्यात होते. आमच्या भागातली निम्मी तरणी माणसं पुण्या-मुंबईला हमालीला, गिरणीत, नाहीतर दुकानात कामाला असायची. लावणीला रजा काढून यायची, दसऱ्याला यायची, बाकी वर्षभर मनिऑर्डर. काका नारायण पेठेत नदीच्या अंगाला एका वाड्यात चौघांबरोबर खोली करून राहायचे. त्या साली लावणीला त्यांना रजा मिळाली नव्हती. आई दिवसांत होती. पाऊस असा की ओढ्यापलीकडून सुईण येऊ शकली नाही. आजीनंच सगळं केलं. पहाट सरून फटफटीत झालं तेव्हा अक्का जन्मली, असं आजी सांगायची. उजेड असा नव्हताच, अमावास्येचा दिवस आणि वर गच्च ढग.

त्याच सकाळी, तोरण्याच्या पलीकडच्या अंगाला, आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. बांधकाम अजून पुरं झालं नव्हतं आणि पावसाचं पाणी मात्र चढत गेलं होतं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून बांध धरायचा प्रयत्न केला होता. ते पाणी खडकवासल्यावर आदळलं आणि १८७९ पासून उभं असलेलं खडकवासल्याचं धरणही त्याच दिवशी गेलं. मुठेचं पाणी पुण्यात पेठांतून शिरलं.

आम्हाला यातलं काही कळलं नाही. पानशेतही वेल्हे तालुक्यातच, पण मधे डोंगर. आमच्या खोऱ्याचं पाणी गुंजवणीनं नीरेला जातं, त्यांचं आंबीवाटे मुठेला. तालुका एक असला तरी पाणी दोन बाजूंना धावतं. बातमी आली तिसऱ्या दिवशी, पाबे खिंडीतून चालत आलेल्या एका माणसाबरोबर. तो ओटीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, पुणं वाहून गेलं.

काकू उठून दारात जाऊन बसली ती तिथंच. तिचा अण्णा तेव्हा पाचव्या वर्षात. त्याची आयुष्यातली पहिली ठसठशीत आठवण हीच. आईच्या शेजारी उंबऱ्याला टेकून बसलेला तो, पुढे अंगणात पाण्याच्या धारा, आणि आई कुणाशी एक शब्द बोलत नाही. आजूबाजूच्या बायका येऊन बसायच्या, उठून जायच्या. लावणी थांबवता येत नव्हती. वडील आणि आजोबा इरली घेऊन खाचरात जायचे आणि येताना आधी दाराकडे बघायचे.

आजीनं मग एक केलं. तीन दिवसांची अक्का तिनं आईच्या कुशीतून उचलली आणि काकूच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "हिला धर. मला काम हाय." काम काही नव्हतं. काकूनं पोर धरली. पुढे काकू म्हातारी झाल्यावरही हे सांगताना तिचा हात आपोआप मांडीवर जायचा.

काका पाचव्या दिवशी आले. कात्रज, खेड शिवापूर, चेलाडी, नसरापूर, सगळं पायी. अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं. पर्वतीवर त्यांनी दोन रात्री काढल्या होत्या. खोली गेली, ट्रंक गेली, लावणीनंतर बैल घ्यायला साठवलेले पैसे ट्रंकेत होते तेही गेले. अंगणात आल्यावर त्यांना पहिलं दिसलं ते काय, तर आपली बायको दारात बसलेली आणि तिच्या मांडीवर तान्हं पोर. त्यांना वाटलं आपण किती दिवस बाहेर होतो? हे ते दर वर्षी सांगायचे, आणि दर वर्षी तिथंच थांबायचे.

अक्काचं बारसं काकांनी घातलं. आणि पुढे जगले तोवर दर १२ जुलैला ते तिच्या हातावर काहीतरी ठेवायचे. सुरुवातीला बत्तासे, मग रुपया, मग ती नोकरीला लागल्यावर साडी. ते म्हणायचे, त्या रोजाला आपण दोघं जन्मलो. आमच्या घरात वाढदिवस करायची रीत नव्हती. औक्षण व्हायचं ते पाडव्याला आणि भाऊबीजेला. तरी हा एक दिवस न ठरवता पाळला गेला.

आईला मात्र आठव्या दिवशी ताप भरला. दूध आटलं. शेजारणीची नुकतीच सुटका झाली होती, तिनं अक्काला पदराखाली घेतलं. एका अंगाला भाऊ, एका अंगाला अक्का. दीड महिना असं चाललं. आजीचं माहेर कापूरहोळ, संभाजीराजांच्या दूधआईचं, धाराऊ गाडे यांचं गाव. १४ मे १६५७ ला पुरंदरावर राजे जन्मले, सईबाई आजारी, तेव्हा कापूरहोळची धाराऊ गडावर गेली, हे त्या गावच्या पोरींना कुणी शिकवावं लागत नाही. शेजारणीला कुणी कधी उपकाराचं काही बोललं की आजी म्हणायची, दुधाचं नातं आमच्या गावाला माहीत हाय, त्याचं मोल करायचं नसतं.

तर अक्का आणि भाऊ एका दुधाचे, एका वर्गाचे आणि रजिस्टरात एका तारखेचे. थोरलं कोण, यावर दोघांची आयुष्यभराची भांडणं. शेजारणीचं म्हणणं भाऊ आधी. अक्काचं म्हणणं, ताप आठव्या दिवशी आला, म्हणजे भाऊ मधल्या सात दिवसांत कधीही झालेला असू शकतो. ती मास्तरीण व्हायची होती, तिच्या युक्तिवादापुढे भाऊ टिकत नसे. भाऊबीजेला ती ओवाळून झाल्यावर त्याला पाया पडायला लावायची आणि तो पडायचा.

शाळेत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वार, तिथी, पट, सुविचार आणि दिनविशेष लिहायची पद्धत होती. आमच्या घरात या दिनविशेषाचं वेड शिरलं ते अण्णामुळे. तो पुढे शिकायला भोरला राजा रघुनाथराव विद्यालयात गेला. त्याचा जन्म दसऱ्याचा, एवढं काकूला पक्कं ठाऊक होतं, कारण सोनं वाटायला आलेली माणसं दारातूनच परत गेली होती. भोरमध्ये कुणाकडे तरी जुनी पंचांगं जपलेली होती. त्यांत त्यानं १९५६ चा दसरा शोधला. १४ ऑक्टोबर निघाला. आणि त्या तारखेला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता तो. आपण आजीच्या हातात पहिलं रडलो त्या दिवशी इतकी माणसं एका मैदानावर उभं राहून आयुष्य नव्यानं सुरू करत होती, हे कळल्यावर त्याला रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दोनशे पानी वही घेतली आणि एकेका पानावर एकेक तारीख घातली. जागा पुरेना म्हणून आणखी दोन वह्या.

सुट्टीला तो घरी आला की आम्ही त्याच्याभोवती बसायचो. तो वहीतली तारीख काढायचा आणि एकाच पानावर कुठली कुठली माणसं शेजारी बसवायचा. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. तेव्हा शाळेत १ ऑगस्टला खुर्चीवर एकच तसबीर असायची. अण्णानं ते गुरुजींना जाऊन सांगितलं. पुढच्या वर्षी अण्णाभाऊंचा फोटो कुठं मिळेना, तर गुरुजींनी फळ्यावर दोन्ही नावं सारख्या अक्षरांत लिहिली. २ ऑक्टोबर गांधीजींचा, शास्त्रीजींचा, आणि आमच्या रेडिओचाही, कारण पुणे आकाशवाणी १९५३ मध्ये त्याच दिवशी सुरू झाली. ५ सप्टेंबरला शाळेत शिक्षक दिन, राधाकृष्णन यांचा जन्मदिवस. मोठी मुलं त्या दिवशी शिक्षक व्हायची, आम्हाला गंमत वाटायची. अण्णाच्या वहीत त्याच पानावर होतं: १६५९, सईबाईंचं निधन, राजगड. हे वाचून झालं की आमचं सगळ्यांचं लक्ष खिडकीतून गडाकडे जायचं. पायथ्याला पाल खुर्दला त्यांची समाधी. पंचविशीच्या आतबाहेरचं वय, घरी दोन वर्षांचं लेकरू, आणि वर्ष असं की दोनच महिन्यांनी अफझलखानाची भेट व्हायची होती. अक्का शिक्षिका झाल्यावर दर शिक्षक दिनाला कार्यक्रम संपला की मुलांना ओळीनं समाधीवर घेऊन जायची. पाऊस असला तरी.

अक्काच्या तारखेचं पान अण्णानं सगळ्यांत शेवटी भरलं. १२ जुलै १६६०. पन्हाळ्याचा वेढा फोडून महाराज निघाले ती रात्र. दुसऱ्या दिवशी घोडखिंड. बाजीप्रभू हिरडस मावळातले, भोर तालुक्यातल्या शिंद गावचे, आणि बरोबरचे बांदलही त्याच मावळातले. म्हणजे आमच्याच नीरेकाठची माणसं तिकडे कासारीच्या रानात गेली होती. अक्का त्या पानावर फार खूश झाली. मग अण्णाला भोरच्या इतिहासाच्या सरांनी सांगितलं की तेव्हाचं इंग्रजी कॅलेंडर जुनं, आजच्यापेक्षा दहा दिवस मागं. आजच्या हिशेबानं ती २२ जुलै होते. अक्काचं तोंड पडलं. अण्णानं तिला समजावलं, "तिथी बघ. तेव्हा आषाढी पौर्णिमा होती, तुझ्या वेळी अमावास्या." ती म्हणाली, "म्हणजे त्यांना चांदणं आणि मला अंधार?" अण्णा म्हणाला, चांदणं कुठलं, ढगांनी आभाळ भरलं होतं, धो धो पाऊस होता. तुझ्यासारखाच. यावर तिचं समाधान झालं. तारीख दहा दिवस सरकली तरी पाऊस तोच होता ना!

माझी गोष्ट छोटी आहे. नेहरू गेले त्याच्या चार दिवस अलीकडे की पलीकडे, एवढंच आईला आठवायचं. रेडिओ असलेल्या घरापुढे माणसं जमली होती आणि तिला उभं राहवत नव्हतं, की मांडीवर मी होतो म्हणून तिला जाता येत नव्हतं, हे ती दोन्ही प्रकारे सांगायची. नेहरू गेले २७ मे १९६४ ला. तेव्हा आम्हा सगळ्यांत खऱ्या तारखेला सर्वांत जवळचा एक जून माझाच.

धाकटा जन्मला भूकंपाच्या पहाटे. ११ डिसेंबर १९६७, कोयना. आमच्याकडे मांडणीवरची पितळी भांडी खाली आली, गोठ्यात गुरं दाव्याला ओढा द्यायला लागली, सगळे अंगणात थंडीत उभे, आणि काकू आत. आजी आतच राहिली, बाहेर आली नाही. काकांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, जणू त्यांनी धरल्यानं घर थांबणार होतं. पानशेतच्या पुरातून माणूस परत आला म्हणून हे पोर, आणि ते असं जमीन हलवत आलं. अण्णाच्या वहीत ११ डिसेंबरला दिलीपकुमार होता, १९२२. हे धाकट्याला नवव्या-दहाव्या वर्षी कळलं आणि त्यानं भांग बदलला. भोरच्या टॉकीजला दिलीपकुमारचा कुठला का सिनेमा येईना, तो चेलाडीपर्यंत चालत जाऊन एसटी पकडायचा. आजही तो कपाळावर बट ठेवतो. केस पांढरे झालेत, बट आहे.

एक जूनचं पान मात्र अण्णानं रिकामं ठेवलं होतं. खोट्या तारखेला काय लिहायचं, असं त्याचं म्हणणं. ते पान भरलं भाऊनं.

भाऊ एसटीत ड्रायव्हर झाला, भोर आगाराला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो एक जूनला संध्याकाळी पेढे घेऊन आला. आम्हाला वाटलं वाढदिवसाचे. तो म्हणाला, माझा न्हाय, गाडीचा. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली होती. आगारात गाड्यांना झेंडूची तोरणं बांधली होती, नारळ फोडला होता. भोरचं राज्य गेलं त्या मार्चनंतर तीन महिनेही झाले नव्हते. वरंध घाटातून महाडला जाणारी गाडी, वेल्ह्याला मुक्कामी येणारी गाडी, या गाड्यांनी आमच्या डोंगरातली किती बाळंतपणं वेळेवर दवाखान्यात पोचवली! त्या पोरांना मग खऱ्या तारखा मिळाल्या. भाऊ हे फार अभिमानानं सांगायचा, की एक जूनच्या गाडीनंच एक जूनची तारीख संपवली.

मग अण्णाची वही उघडली आणि ते रिकामं पान भरत गेलं. दख्खनची राणी मुंबई-पुण्याच्या मार्गावर पहिल्यांदा धावली तीही १ जूनलाच, १९३० साली. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली १ जून १९२९ ला, आणि नर्गिसचा जन्मही नेमका त्याच दिवशी, त्याच वर्षी. धाकटा या नोंदीवर उड्या मारत होता. केरळात मोसमी पाऊस पोचायची ठरलेली तारीखही १ जून. हे ऐकल्यावर आजी पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, मग गुरुजींनी वाईट दिस न्हाय दिला. तिकडं पाऊस पोचला की हिकडं धूळवाफ्याला जीव येतो.

३१ मे २०१९ ला अक्का आणि भाऊ एकाच दिवशी निवृत्त झाले. एक तारखेला जन्मलेल्याची नोकरी आदल्या दिवशी संपते, त्यामुळे महाराष्ट्रात ३१ मे म्हणजे हार, शाल आणि नारळ यांचा दिवस. शाळाशाळांतून, कचेऱ्यांतून माणसं घरी जातात. सकाळी अक्काचा निरोप होता. तिथून आम्ही सगळे भोर स्थानकावर गेलो. भाऊ शेवटची फेरी घेऊन यायचा होता. गाडी लागली, प्रवासी उतरले, कंडक्टरनं तिकिटांचं यंत्र गळ्यातून काढलं. भाऊ खाली उतरेना. स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मग अक्का पुढच्या दारानं वर चढली आणि त्याच्या मागच्या सीटवर बसली. त्यांचं काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. दोघं खाली आले तेव्हा आगारात उद्याच्या वर्धापनदिनाची पताका लावायचं काम चाललं होतं.

तलाठ्याच्या टेबलावरची ती आधार कार्डं पाहून झाल्यावर अक्काच्याच मनात आलं, की खरी नोंद कुठं तरी असेलच. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वही ठेवायचा. त्या वह्या तहसील कचेरीत असतात. अर्ज केला, महिनाभरानं बोलावणं आलं. अण्णाला गुडघ्यांमुळे जमलं नाही, अक्का, धाकटा आणि मी गेलो.

वह्या लाल कापडात बांधलेल्या. पानांच्या कडा तपकिरी होऊन तुटायला आलेल्या. १९६४ ची वही वाळवीनं धरली होती. मे महिन्याचं पान उलटलं तर हातात चाळणी आली. मी ते परत झाकून ठेवलं. १९६७ ची वही मिळाली नाही. १९६१ ची मात्र सुस्थितीत होती. कोतवालाचं अक्षर मोठं, शाई फिकी. जन्माच्या नोंदीला मुलाचं नाव नसायचंच. तारीख, बापाचं नाव, आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'.

अक्कानं चष्मा पुसला. जुलै काढला. बोट वरून खाली आणत गेली. १२ जुलै, आमच्या वडिलांचं नाव, मुलगी. तिनं ती ओळ दोनदा वाचली. आईनं आणि आजीनं सांगितलेलं बरोबर होतं. पानशेतचा त्या पानावर उल्लेख नव्हता. कोतवालाला दुसऱ्याच्या खोऱ्याचं काय?

तिचं बोट मात्र तिथून हललं नाही. मग एक ओळ वर गेलं आणि थांबलं. मी वाकून पाहिलं. ९ जुलै. शेजारच्या काकांचं नाव. मुलगा.

अक्का बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर पायरीवर येऊन बसली, पिशवीतून फोन काढला. भाऊनं उचलला असावा, कारण ती एकदम म्हणाली, "आरं, कुठं हायस? घरीच ऱ्हा. मी येतीय." पलीकडून तो काहीतरी विचारत होता. "काय झालं न्हाय," अक्का म्हणाली. "पाया पडायला येतीय."